विश्वस्त मंडळ (माजी सैनिकांच्या मनोआरोग्य संस्था)

युद्ध वा सेवाकाळातील मानसिक आघाताने ग्रस्त माजी सैनिकांसाठी काम करणाऱ्या सेवाभावी संस्थेचा कारभार पाहणारे व तिच्या निधीस कायद्याने जबाबदार असलेले मंडळ.

महाराष्ट्रात अशा कारभाराचा पाया महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० हा आहे (पहा : धर्मादाय आयुक्त). सैनिकांसाठीच्या संस्था त्याहून जुन्या : पहिल्या महायुद्धातील जायबंदी जवानांना व्यवसाय शिकवणारी क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट १९१७ मध्ये सुरू झाली आणि पुढे खडकीत स्थिरावली. तिचा भर कामधंद्यावर होता; मनाच्या जखमांकडे लक्ष बऱ्याच उशिरा गेले.

विश्वस्त बदलला की ९० दिवसांत बदल अर्ज (बोलीभाषेत ‘चेंज रिपोर्ट’) दाखल करावा लागतो. त्यासोबत सभेची नोटीस व इतिवृत्त जोडतात. इथला ढिसाळपणा पुढे वादाचे मूळ ठरतो. हिशेबांचे लेखापरीक्षण दरवर्षी होते, तर संस्थेची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते.

उपचार चालत असतील, तर मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ चेही बंधन येते. त्यानुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवावी लागते. देणगीदारासाठीचा अहवालही त्यातून सुटत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यात या विषयाला विशेष संदर्भ आहे. रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र व यांत्रिकी पायदळाचे रेजिमेंटल केंद्र शहरालगत आहेत (पहा : जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय). मनोरुग्ण निराधार महिलांना सांभाळणारे माउली सेवा प्रतिष्ठान याच जिल्ह्यातले. मात्र त्याचे कार्यक्षेत्र सैनिकी नाही.