दुभत्या गाईंची जननक्षमता : रक्त व हॉर्मोन चाचण्या

दुभत्या गाईच्या रक्तातील व दुधातील काही घटकांचे मापन करून तिची जननक्षमता अजमावण्याच्या पद्धतींचा विकास विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः ग्रेट ब्रिटनमध्ये, झाला. तत्पूर्वी माज गाईच्या वर्तनावरून आणि गाभणपण गुदाशयातून हाताने केलेल्या तपासणीवरून ठरविले जाई. माज हुकल्यास सुमारे २१ दिवसांनी येणाऱ्या पुढील माजाची वाट पाहावी लागते व दोन वेतांतील अंतर वाढते. कृत्रिम वीर्यसेचनाचा प्रसार झाल्यावर माज ओळखण्याचे काम वळूकडून माणसाकडे आले. ते माणसाला वळूइतके कधीच साधले नाही.

रक्तघटकांकडे प्रथम लक्ष गेले ते पोषणाच्या अंगाने. बर्कशरमधील काँप्टन येथील पशुरोग संशोधन संस्थेत जे. एम. पेन व त्यांचे सहकारी यांनी १९७० मध्ये ‘चयापचयी आलेख’ ही चाचणी प्रसिद्ध केली. तीत कळपातील भरपूर दूध देणाऱ्या, मध्यम दूध देणाऱ्या व भाकड अशा प्रत्येकी सात गाईंच्या रक्तातील ग्लुकोज, यूरिया, अकार्बनी फॉस्फेट, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्ब्युमिन, हीमोग्लोबिन इ. घटक मोजून प्रत्येक गटाची सरासरी काढीत. एकेका गाईचे निदान करणे हा हेतू नव्हता. कळपाला मिळणारा आहार दूधनिर्मितीला पुरतो की नाही, हे पाहणे हा होता. रक्तातील ग्लुकोज कमी असलेल्या गाई गाभण राहत नाहीत, असेही या सुमारास प्रतिपादिले गेले. परंतु पुढील पाहण्यांत हा संबंध सर्वत्र आढळला नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत ग्लुकोज मुख्यत्वे यकृतात तयार होते व त्याची रक्तातील पातळी शरीर कसोशीने राखते. म्हणून उपासमारीचे चिन्ह म्हणून ते दुबळेच ठरते. चरबीच्या विघटनातून येणारी मुक्त वसाम्ले व बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट ही विल्यानंतरच्या ऊर्जातुटीची अधिक विश्वसनीय निदर्शके होत. या तुटीत इन्शुलिन व त्यासदृश वृद्धिघटक घटतात, पोष ग्रंथीतून पीतपिंडकर हॉर्मोनाचे स्पंद विरळ होतात आणि अंडमोचन लांबते.

जननावस्थेचा थेट पुरावा मात्र प्रोजेस्टेरॉन या हॉर्मोनाने दिला. अंडकोशातील पीतपिंडात तयार होणारे हे हॉर्मोन १९३४ मध्ये शुद्ध रूपात मिळाले होते, तथापि त्याच्या अतिसूक्ष्म राशी मोजणे अवघड होते. रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनी इन्शुलिनाकरिता बसविलेल्या किरणोत्सर्गी प्रतिरक्षा-आमापन पद्धतीने ती अडचण दूर केली (या कार्याबद्दल यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले, बर्सन १९७२ मध्येच निवर्तले होते). १९७१ मध्ये जे. ए. लेंग व आर. बी. हीप यांनी गाईच्या ऋतुचक्रातील चढउतार दुधातील प्रोजेस्टेरॉनातही उमटतात, असे दाखविले. हे हॉर्मोन वसाविद्राव्य असल्याने दुधात ते चांगले सापडते, आणि दूध काढण्यास सुई लागत नाही. वीर्यसेचनानंतर २१ ते २४ दिवसांनी पातळी नीच असल्यास गाय गाभण नाही, हे जवळजवळ निश्चित होते. उच्च असल्यास ती गाभण असण्याचा संभव असतो, एवढेच म्हणता येते, कारण भ्रूण पुढे मरू शकतो किंवा पीतपिंड विकृतीने टिकून राहिलेला असू शकतो. म्हशीत, विशेषतः उन्हाळ्यातील मुक्या माजात, लक्षणे जवळजवळ दिसतच नसल्याने भारतातही या मापनाचा अभ्यास झाला.

आठवड्यातून अनेक वेळा घेतलेल्या दुधाच्या नमुन्यांवरून संपूर्ण आलेख काढण्याचे काम जी. ई. लॅमिंग यांच्या नेतृत्वाखाली नॉटिंगम विद्यापीठात झाले. या संचित नोंदींचे मोल पुढे कळले. १९७५–८२ आणि १९९५–९८ या दोन कालखंडांतील ब्रिटिश गाईंची तुलना २००० मध्ये प्रसिद्ध झाली. पहिल्या वीर्यसेचनानंतर गाभण राहण्याचे प्रमाण ५५.६ टक्क्यांवरून ३९.७ टक्क्यांवर उतरले होते आणि अनियमित प्रोजेस्टेरॉन आलेख असलेल्या गाईंचे प्रमाण ३२ वरून ४४ टक्क्यांवर गेले होते. दुधासाठी केलेली निवड जननक्षमतेला भोवली, हा संशय बळावण्यास असे आकडे कारणीभूत झाले. त्यानंतर अनेक देशांनी वळूंच्या मूल्यमापनात त्यांच्या कन्यांच्या जननक्षमतेलाही स्थान दिले.