क्लॅटमधील तर्कक्षमता : ‘तर’ आणि ‘तरच’

बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कायदा अभ्यासक्रमासाठी बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत क्लॅट या परीक्षेतून प्रवेश मिळतो. ही परीक्षा २००८ मध्ये सुरू झाली. आपल्या सभासदांना जवळची अशी भोपाळ, गांधीनगर, हैदराबाद, मुंबई आणि नागपूर येथील विद्यापीठे याच गुणांवर प्रवेश देतात. डिसेंबर २०२३ च्या परीक्षेपासून दोन तासांत १२० प्रश्न असतात. बरोबर उत्तराला एक गुण मिळतो आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. यातले २२ ते २६ प्रश्न तर्कक्षमतेचे, म्हणजे साधारण पाचवा हिस्सा.

२०२० पासून हे प्रश्न उताऱ्यावर आधारलेले असतात. त्यामुळे घरात मोठ्या भावंडाची जुनी गाइडे पडून असतील, तर त्यांच्यावर विसंबू नये.

बोर्डात उत्तम गुण मिळवणारी मुले इथे अडखळतात आणि आपण हुशार नाही असे समजून बसतात. आमच्या पाहण्यात खरे कारण वेगळे आहे. उताऱ्यात काय लिहिले आहे यापेक्षा स्वतःला काय पटते, ते धरून ही मुले उत्तर देतात. समजा, उतारा म्हणतो : हेल्मेटसक्तीनंतर शहरातील अपघाती मृत्यू घटले, म्हणून सक्ती यशस्वी झाली. हा युक्तिवाद सर्वांत कमकुवत कशाने होतो? ‘अनेकांना हेल्मेट गैरसोयीचे वाटते’ हे खरे असेल, पण निष्कर्षाला त्याने धक्का लागत नाही. ‘त्याच महिन्यात वेग मोजणारे कॅमेरे बसवले गेले’ याने लागतो, कारण मृत्यू घटण्याला दुसरे कारण सापडते. सक्ती चांगली की वाईट, हा प्रश्न विचारलेलाच नाही. कर्जाचा अर्ज तपासताना अर्जदार भला माणूस आहे हे पाहून भागत नाही, कागद काय सांगतात ते पाहावे लागते, तसेच हे.

दुसरी अडचण छोट्या शब्दांची. परीक्षा फक्त इंग्रजीत असते आणि ‘इफ’ व ‘ओन्ली इफ’ यांत मुले हमखास घसरतात. इथे मराठी मदतीला येते. ‘पाऊस पडला तर सामना रद्द होईल’ यावरून, सामना रद्द झाला म्हणजे पाऊस पडला, असे ठरत नाही. ‘पाऊस पडला तरच सामना रद्द होईल’ म्हटले की ते ठरते; मात्र पाऊस पडला म्हणजे सामना रद्द झालाच, असे आता म्हणता येत नाही. एका ‘च’ने दिशा उलटली! ‘अनलेस’ आला की मनात ‘शिवाय’ म्हणावे : सनद मिळाल्याशिवाय वकिली करता येत नाही. पण सनद आहे म्हणून तो माणूस वकिली करतोच, असे नाही. घरी जेवताना अशी चार वाक्ये उलटसुलट करून पाहिली तरी पुष्कळ सराव होतो.

गृहीतक विचारले असेल तर पर्याय नाकारून पाहावा. नाकारल्यावर युक्तिवाद कोसळला, तर तेच गृहीतक.

अंदाजाने उत्तर द्यावे का, हे पालक नेहमी विचारतात. हिशेब सोपा आहे. चार पर्यायांचे १६ प्रश्न डोळे मिटून सोडवले तर सरासरीने ४ बरोबर, १२ चूक. चारातून तीन वजा, हाती एक गुण. म्हणजे जवळजवळ काहीच नाही. दोन पर्याय विचार करून बाद केले असतील, तर १२ प्रश्नांत ६ बरोबर, ६ चूक, हाती साडेचार. तेव्हा अंदाज जरूर करावा.

सराव चाचण्यांची संख्या वाढवत नेण्यापेक्षा चुकांची वही ठेवावी. प्रत्येक चुकीपुढे दोनच गोष्टी लिहाव्यात : निवडलेला पर्याय का मोहात पाडणारा वाटला आणि उताऱ्यातील कोणत्या शब्दाने तो बाद होतो. सुरुवातीला यासाठी चाचणीपेक्षा जास्त वेळ जातो. तो जाऊ द्यावा. पहिले काही आठवडे घड्याळ बाजूला ठेवले तरी चालेल, वेळ लावून सराव नंतर.