मुंबईच्या ख्रिस्ती गावठाणांतील वैशाख

मुंबईतील ख्रिस्ती सणांचे नाव निघाले की परक्या माणसास वांद्र्याची मोतमाउलीची जत्रा आठवते. ती जत्रा सप्टेंबरातील. तिजवर आजपर्यंत पुष्कळ शाई खर्ची पडली आहे, म्हणून प्रस्तुत लेखात तिला हात घालण्याचे प्रयोजन नाही. आमचे म्हणणे निराळे आहे. गिरगावातील खोताची वाडी, माझगावातील माथारपाखाडी, वांद्र्याचे रानवार, मरोळ, गोराई, मनोरी येथील आपल्या पूर्वजांचा खरा उत्सवकाळ ईस्टरपासून पहिल्या पावसापर्यंतचा असे, आणि त्याचे केंद्र चर्चपेक्षा गल्लीच्या तोंडाशी उभा असलेला साधा क्रूस हे होते.

याचे पहिले कारण पंचांगातच सापडते. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात लग्ने व गाणीबजावणी वर्ज्य. पुढे जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पाऊस सुरू झाला म्हणजे मांडव घालता येत नाही, मिरची वाळत नाही, आणि होड्या किनाऱ्यावर ओढून घ्याव्या लागतात. ईस्टर कधी लवकर, कधी उशिरा. त्यामुळे सात ते अकरा आठवड्यांच्या या अवधीत लग्नघरचे उंबराचे पाणी, घुमटाच्या तालावरील गाणी, मसाला, सुकी मासळी, आप्तांच्या भेटी हे सारे उरकणे भाग पडे.

दुसरे कारण दुःखाचे आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात प्लेगचा रोग डॉ. आकासिओ व्हिएगश या आपल्याच धर्मबांधवाने प्रथम ओळखला. पुढे १० जानेवारी १८९७ रोजी हाफकीन यांनी नवी लस स्वतःच्या अंगी टोचून पाहिली. पण ती सर्वांपर्यंत पोहोचण्यास काळ लागला. दरम्यान १८९७ सालचा साथरोगांचा कायदा आला, घरांच्या झडत्या सुरू झाल्या, रोग्यांस घरापासून दूर नेऊ लागले, आणि हजारो लोक शहर सोडून गेले. जे राहिले त्यांनी आपापल्या गल्लीत क्रूस उभारले. काही क्रूस याहून पुष्कळ जुने आहेत हे खरे. परंतु मुंबईच्या गल्ल्यांतील अनेक क्रूसांची पायाभरणी प्लेगच्या भयाने झाली, यात संशय नाही.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. मुंबईतील प्लेगास ऋतूंची लय होती. थंडीत तो चढे, फेब्रुवारी-मार्चात कळसास जाई, आणि मे महिन्याच्या उष्म्याबरोबर उतरू लागे. मेच्या ३ तारखेस तर पवित्र क्रूस सापडल्याचा जुना सण. राणी हेलेना हिला जेरुसलेमेत तो गवसला अशी परंपरा आहे. ज्या घरातून मार्चात प्रेत निघाले त्या घराने मे महिन्यात क्रूसास फुले वाहिली ती निव्वळ रूढी म्हणून, असे आम्हांस वाटत नाही. जगलो, वाचलो, हे सांगण्याचा तो दिवस होता. १९६० साली रोमच्या सामान्य पंचांगातून हा सण वगळला गेला व १४ सप्टेंबरचा सण तेवढा राहिला. तथापि कित्येक गावठाणांत आजही क्रूसाला चुना लागतो, पताका लागतात, त्या मे महिन्यातच.

संध्याकाळी माळेची प्रार्थना होई. तिजमागून लोरेतोची लितानी. हिला पोप सिक्स्तुस पाचवे यांनी १५८७ साली मान्यता दिली. लितानी पुष्कळ ठिकाणी लॅटिनमध्ये गाइली जाई, आणि अक्षरशत्रू बायासुद्धा तिची उत्तरे बिनचूक देत. मग उकडलेले चणे व खोबऱ्याच्या कातळ्या पोरांच्या ओंजळीत पडत (पोरांची भक्ती पुष्कळशी या चण्यांवर होती, हे कबूल करण्यात कमीपणा नाही), आणि ओट्यांवर बोलणे सुरू होई ते मराठीत. आपल्या समाजाने १८८७ साली ‘ईस्ट इंडियन’ हे इंग्रजी नाव धारण केले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत, म्हणजे १९६२ ते १९६५ पर्यंत, चर्चमध्ये मिस्साविधी लॅटिनमध्येच चालला. शाळा इंग्रजी झाल्या. मग आपली मराठी टिकली कोठे? क्रूसाच्या ओट्यावर, लग्नाच्या मांडवात आणि मसाल्याच्या उखळापाशी, असे आमचे मत आहे.

त्या मसाल्याविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे. आगोटीची बेगमी सर्वच कोकणपट्टी करते. परंतु आपला बाटलीतला मसाला हा त्या बेगमीचा मुकुटमणी. लाल मिरच्या, धणे, हळद, तीळ, खसखस, मोहरी, जिरे, दालचिनी, नागकेशर, दगडफूल अशा वीस-पंचवीस जिनसा दिवसचे दिवस अंगणात वाळत. मग मातीच्या खापरात एकेक जिन्नस वेगवेगळी भाजायची, कारण मिरचीचा जाळ खसखशीस सोसत नाही. कांडणाऱ्या बाया घरोघर फिरत. उंच लाकडी उखळात मुसळे आळीपाळीने पडत, आणि त्या ठेक्यावर गाणी चालत. तयार मसाला बियरच्या गडद बाटल्यांत काठीने ठासून भरीत. यात काटकसर होती तशीच युक्तीही होती: काळसर काचेतून उजेड आत शिरत नाही व रंग वर्षभर टिकतो. प्रमाण घराघराचे वेगळे, आणि सुनेस ते लग्नाच्या दिवशी खचित सांगत नसत!

गोराई-मनोरीकडे याच दिवसांत बोंबील बांबूंच्या काठ्यांवर वाळत असत, आणि शहरातील मंडळी तेथे आप्तांकडे उतरत. हा प्रवास पूर्वी सोपा नव्हता. माहीम व वांद्रे यांमध्ये खाडी, आणि तरीतून जाणे धोक्याचे. १८४५ साली लेडी जमशेटजी यांच्या देणगीतून, सुमारे १ लाख ५७ हजार रुपये खर्चून, माहीमचा बांध झाला. पुढे एप्रिल १८६७ मध्ये विरारहून मुंबईस रोजची गाडी सुरू झाली, आणि वसईची केळी व वसईचे पाहुणे दोन्ही एका दिवसात येऊ लागले. शहरातील करमणूकही ईस्टरचीच वाट पाही. १७ एप्रिल १८९२ या ईस्टरच्या दिवशी मुंबईच्या न्यू आल्फ्रेड नाट्यगृहात गोमंतकीय बंधूंनी पहिला कोंकणी तियात्र केला, हे येथे नमूद करणे उचित होय.

सांप्रत खोताच्या वाडीतील साठ-पासष्ट घरांपैकी निम्मीही उभी नाहीत. मसाला पुष्कळ ठिकाणी गिरणीत दळला जातो, आणि बऱ्याच क्रूसांपुढील माळ आता इंग्रजीत होते. याहून निकडीची गोष्ट म्हणजे क्रूसांच्या पायथ्यावरील अक्षरे. दरवर्षी श्रद्धेने चढणाऱ्या रंगाखाली आणि अलीकडे फरशीखाली उभारणीची सालेच बुजत चालली आहेत. एकदा ती गेली की कोणता क्रूस प्लेगचा आणि कोणता त्याआधीचा, हे ओळखण्यास दुसरा आधार उरणार नाही. यास्तव आमची विनंती अशी की, येत्या मे महिन्यात रंग देण्यापूर्वी आपल्या गल्लीतील क्रूसावरील मजकूर जसाचा तसा, चुकीच्या शुद्धलेखनासह, उतरून घ्यावा व त्याची नक्कल पॅरिशच्या कार्यालयात आणून द्यावी. ज्या घरी मसाला कांडतानाची गाणी येणारी कोणी वडील बाई असेल, तिजकडून तीही लिहून घ्यावीत.