इष्टिकाचितीचे घनफळ

इष्टिकाचिती म्हणजे सहा आयताकृती पृष्ठे, बारा कडा आणि आठ शिरोबिंदू असलेली घनाकृती. काडेपेटी, वीट, धान्याची कोठी, पाण्याची चौकोनी टाकी ही तिची रोजची रूपे. तिने व्यापलेल्या जागेचे माप म्हणजे तिचे घनफळ. लांबी, रुंदी व उंची यांच्या गुणाकाराने ते मिळते. तिन्ही मापे सारखी असतील, तर त्या आकृतीला घन म्हणतात.

संज्ञा : ‘इष्टिका’ म्हणजे वीट आणि ‘चिती’ म्हणजे रचलेला ढीग. घनफळ काढण्याची रीत या नावातच आहे. 5 सेंमी लांब, 4 सेंमी रुंद व 3 सेंमी उंच खोक्यात 1 सेंमी कडेचे ठोकळे रचले, तर तळाच्या एका थरात 5 × 4 = 20 ठोकळे बसतात. असे थर तीन, म्हणून घनफळ 60 घन सेंटिमीटर (घसेंमी). तळाचे क्षेत्रफळ गुणिले उंची हे सूत्राचे दुसरे रूप याच रचनेतून येते.

परंपरा : भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (1150) खड्ड्यांसाठी खातव्यवहार, विटांच्या ढिगांसाठी चितिव्यवहार आणि लाकूड कापण्याच्या हिशेबासाठी क्रकचव्यवहार अशी स्वतंत्र प्रकरणे आहेत. लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी एक हात असलेल्या बारा कडांच्या आकृतीला तेथे ‘घनहस्त’ म्हटले आहे. खड्डा ओबडधोबड असेल, तर मापे अनेक ठिकाणी घेऊन त्यांची सरासरी काढावी, असा नियम आहे.

चितिव्यवहारातील उदाहरणात वीट 18 अंगुळे लांब, 12 रुंद व 3 उंच आहे. ढीग 8 हात लांब, 5 रुंद व 3 उंच. 24 अंगुळांचा एक हात, म्हणून विटेचे घनफळ 3/64 घनहस्त आणि ढिगाचे 120 घनहस्त. भागाकार केला की विटा 2560 आणि थर 24. मात्र एका थरात 106 पूर्णांक 2/3 विटा येतात. म्हणजे गणित अचूक असले, तरी गवंड्याला काही विटा तोडाव्या लागतील.

एकके : 1 घनमीटर म्हणजे 1000 लीटर आणि 1000 घसेंमी म्हणजे 1 लीटर. त्यामुळे 2 मी लांब, 1.5 मी रुंद व 1 मी खोल टाकीत 3000 लीटर पाणी मावते. महाराष्ट्रात वाळू, खडी, मुरूम ब्रासने मोजतात. 1 ब्रास म्हणजे 100 घनफूट, म्हणजेच सुमारे 2.83 घनमीटर. 10 फूट लांब व 5 फूट रुंद हौद्यात वाळू 2 फूट उंचीपर्यंत सपाट भरली, की एक ब्रास होते.

शालेय अभ्यासक्रमात : या आकृतीचे नाव आणि ती शिकवण्याची इयत्ता अभ्यासक्रमागणिक बदलते. उदाहरणार्थ, दुबईत भारतीय, ब्रिटिश व अमेरिकी अभ्यासक्रमांच्या शाळा शेजारी शेजारी चालतात, अल बर्शा भागातील दुबई अमेरिकन अकादमी ही त्यांपैकी अमेरिकी पठडीची. दुबईतील मराठी घरांत या एकाच आकृतीला तीन नावे पडू शकतात : आईवडिलांची ‘इष्टिकाचिती’, भारतीय व ब्रिटिश पुस्तकांतील ‘क्युबॉइड’ आणि अमेरिकी पुस्तकांतील ‘रेक्टँग्युलर प्रिझम’. अमेरिकेच्या कॉमन कोअर आराखड्यात (2010) हा भाग पाचवीत आहे. तेथे आधी एकक घन फट न ठेवता रचून मोजायचे आणि मग सूत्राकडे जायचे, असा क्रम आहे. इंग्लंडमध्ये क्युबॉइडचे घनफळ सहाव्या वर्गात येते. दोन्हीकडे मुलांचे वय 10 ते 11 असते. महाराष्ट्रात ‘पृष्ठफळ व घनफळ’ हे प्रकरण आठवीच्या गणितात आहे.

नेहमीच्या चुका : चित्रातील रचनेचे फक्त दिसणारे ठोकळे मोजणे ही पहिली चूक. वरील 60 ठोकळ्यांच्या रचनेत एका कोपऱ्याकडून पाहिल्यास 36 दिसतात आणि 24 झाकलेले राहतात. तीन बाजूंवरचे चौरस मोजणाऱ्याचे उत्तर 20 + 15 + 12 = 47 येते, कारण कडेचे ठोकळे दोनदा आणि कोपऱ्यातला तीनदा मोजला जातो. लांबी मीटरमध्ये व उंची सेंटिमीटरमध्ये ठेवून गुणाकार करणे ही दुसरी चूक. सर्व मापे दुप्पट केली की घनफळही दुप्पट होते, हा समज तिसरी. प्रत्यक्षात ते आठपट होते.