कोंडा, कच्चे अंडे आणि दीडशे वर्षांचे एक कोडे

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी, यशवंतपूरच्या भाड्याच्या खोलीत राहत असताना, माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना लालसर चट्टे उठले. भुवयांतून पिवळट, तेलकट पापुद्रे सुटू लागले. काळ्या शर्टाच्या खांद्यांवर कोंडा पडे. बंगळुरूचा कोरडा हिवाळा आणि प्रबंधाचे जागरण यांमुळे तो वाढत गेला. ज्याला त्याला कारण ठाऊक होते. कोणी म्हणे दूध सोड, कोणी म्हणे गहू सोड, कोणी म्हणे पोटात उष्णता झाली आहे. व्यायामशाळेतल्या एका मित्राने रोज दोन कच्ची अंडी प्यायला सांगितली. मी आठ महिने हे सगळे केले. वजन सहा किलोंनी उतरले, चट्टे होते तिथेच राहिले.

या विकाराला सेबोऱ्हिक डर्मटायटिस म्हणतात. साधा कोंडा हे त्याचेच सौम्य रूप मानले जाते. जिथे त्वचेतील तैलग्रंथी दाट असतात, म्हणजे टाळू, भुवया, नाकाच्या कडा, कानामागे, छातीचा मध्यभाग, तिथे तो होतो. तान्ह्या बाळाच्या टाळूवर दिसतो, मग बरीच वर्षे लोपतो आणि तैलग्रंथी जाग्या झाल्यावर तारुण्यात परततो. तो संसर्गजन्य नाही आणि अस्वच्छतेचे लक्षणही नाही. मात्र ‘हा खाण्यामुळे होतो का?’ या प्रश्नाचे उत्तर इतिहासात डोकावल्याशिवाय नीट कळत नाही.

कथेचा पहिला धागा सूक्ष्मदर्शकाचा आहे. १८७३ साली इटलीत रिव्होल्टा यांनी आणि १८७४ साली फ्रान्समध्ये लुई मालासे यांनी त्वचेच्या पापुद्र्यांत अंकुर फुटल्यासारख्या दिसणाऱ्या यीस्टच्या पेशी पाहिल्या. मालासे यांच्या नावावरूनच या यीस्टला पुढे ‘मालासेझिया’ म्हटले गेले. १८८७ साली हँबुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उन्ना यांनी या विकाराचे स्वतंत्र वर्णन केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्रत्येक रोगामागे जंतू शोधला जात होता, त्यामुळे यीस्टवर संशय येणे स्वाभाविक होते. पण एक अडचण होती. हे यीस्ट निरोगी माणसांच्या त्वचेवरही सापडत होते. जो साऱ्या गावात राहतो, त्याला एका घरातल्या चोरीसाठी दोषी कसे ठरवायचे?

दुसरा धागा अन्नाचा. १९२७ साली लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमध्ये मार्गारेट बोआस यांनी उंदरांना प्रथिनासाठी कच्च्या अंड्याचा पांढरा भाग खाऊ घातला. उंदरांचे केस गळाले, कातडीला दाह झाला. यकृतासारख्या काही पदार्थांनी हा दाह टळत होता. पॉल ग्यॉर्गी यांनी त्या संरक्षक द्रव्याला ‘एच जीवनसत्त्व’ म्हटले. त्वचेसाठीच्या ‘हाउट’ या जर्मन शब्दाचे ते आद्याक्षर. हेच द्रव्य म्हणजे बायोटिन, हे १९४० मध्ये स्पष्ट झाले. कच्च्या अंड्यातले अॅव्हिडिन नावाचे प्रथिन बायोटिनला इतके घट्ट धरून ठेवते की ते आतड्यातून शोषलेच जात नाही. अंडे शिजवले की अॅव्हिडिन निकामी होते. म्हणजे त्वचा सुधारावी म्हणून मी पीत होतो तो पदार्थ त्वचा बिघडवण्यासाठी विज्ञानाच्या इतिहासात प्रसिद्ध होता! दोन अंड्यांनी माझे फारसे नुकसान झाले नसेल; पण सल्ल्याची दिशा नेमकी उलटी होती.

जीवनसत्त्वांच्या या काळाशी आपला जवळचा संबंध आहे. यशवंतपूरला लागूनच भारतीय विज्ञान संस्थेचा परिसर आहे. १९३३ साली कमला भागवत, म्हणजेच पुढच्या कमला सोहोनी, मुंबईहून पदवी घेऊन तिथे आल्या. संस्थेचे संचालक सी. व्ही. रामन मुलींना प्रवेश देण्यास राजी नव्हते. कमलाबाईंनी हट्ट धरला, तेव्हा एक वर्ष परीक्षाधीन राहण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी दूध आणि कडधान्ये यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिजला गेल्या आणि वनस्पतींतील सायटोक्रोम-सी वरच्या कामासाठी १९३९ मध्ये पीएचडी मिळवली. जीवनसत्त्वांसाठी १९२९ चे नोबेल मिळवणारे फ्रेडरिक गोलंड हॉपकिन्स त्या वेळी तिथेच होते. भारतात परतल्यावर कमलाबाईंनी काही काळ कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत जीवनसत्त्वांवर काम केले आणि नंतर मुंबईत नीरा व कडधान्ये यांच्या पोषणमूल्यांचा दीर्घ अभ्यास केला. सामान्य माणसाच्या ताटात काय आहे, हे आधी मोजून पाहावे आणि मगच सल्ला द्यावा, ही त्यांची शिस्त होती.

त्याच कुन्नूरच्या प्रयोगशाळेत १९३६ च्या सुमारास अॅक्रॉइड आणि कृष्णन यांनी ओठांच्या कोपऱ्यांतील चिरा आणि तोंडाचा दाह यांचा संबंध ब-२ जीवनसत्त्वाच्या अभावाशी जोडला. १९३८ साली अमेरिकेत सेब्रेल आणि बटलर यांनी काही स्त्रियांना रायबोफ्लेविन अत्यल्प असलेला आहार दिला, तेव्हा ओठांच्या चिरांबरोबर नाकाच्या कडांना तेलकट पापुद्रेही आले. १९५३ मध्ये व्हिल्टर आणि सहकाऱ्यांनी ब-६ ला निष्प्रभ करणारे द्रव्य रुग्णांना दिले आणि डोळे, नाक, तोंड यांभोवती तसाच दाह उमटला. आजच्या नैतिक निकषांवर हे प्रयोग उतरणार नाहीत. पण त्यांचा निष्कर्ष ठसठशीत होता. विशिष्ट जीवनसत्त्वांच्या अभावाने सेबोऱ्हिक डर्मटायटिससारखी त्वचा होते.

इथेच एक सापळा आहे. ‘पाऊस पडला तर अंगण ओले होते’ हे खरे. म्हणून ‘अंगण ओले आहे म्हणजे पाऊसच पडला’ असे ठरत नाही. अभावाने तसा दाह होतो, यावरून तसा दाह असलेल्या प्रत्येकाला अभाव आहे असे सिद्ध होत नाही. जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचा आजचा मोठा बाजार बव्हंशी याच उलट्या वाक्यावर उभा आहे.

अन्न हेच खरे कारण असेल तर पुरावा कसा दिसतो, याचे उदाहरणही आपल्याच दख्खनचे आहे. १९६० साली हैदराबादेत सी. गोपालन आणि श्रीकांतिया यांनी मुख्यतः ज्वारीवर जगणाऱ्या गरिबांमधील पेलाग्रा नोंदवला. उन्हाला उघड्या राहणाऱ्या त्वचेवर काळपट, सोलणारे चट्टे, जुलाब आणि मानसिक बिघाड ही त्याची लक्षणे. विशिष्ट आहार, विशिष्ट लोक आणि नायसिन दिल्यावर मिळणारा उतार, अशी सलग साखळी तिथे होती. निरोगी, पोटभर जेवणाऱ्या तरुणाच्या कोंड्यात ती साखळी सहसा सापडत नाही.

मग यीस्टचे काय झाले? विसाव्या शतकाच्या मध्यात ‘त्वचेच्या पेशी वेगाने वाढतात हे मूळ, यीस्ट केवळ पाहुणे’ असे मत प्रबळ होते. १९८४ साली ब्रिटनमधील सॅम शुस्टर यांनी ते उलटवले. कोंड्यावर गुणकारी ठरणाऱ्या, रासायनिकदृष्ट्या अगदी वेगळ्या औषधांत एकच गोष्ट समान आहे, ती म्हणजे यीस्ट मारण्याची क्षमता, असा त्यांचा युक्तिवाद होता. केटोकोनाझोलने त्याला बळ दिले. त्याच दशकात एड्सच्या रुग्णांमध्ये हा विकार वारंवार आणि उग्र रूपात दिसू लागला. रोगप्रतिकारशक्तीचा वाटाही त्यातून उघड झाला.

२००७ मध्ये मालासेझिया ग्लोबोसा या प्रजातीचा जनुकसंच वाचला गेला. या यीस्टकडे स्वतःची मेदाम्ले बनवणारी यंत्रणाच नाही. त्यासाठी ते आपल्या त्वचेच्या तेलावर जगते. लायपेज विकरांनी ते तेल फोडते, काही मेदाम्ले घेते आणि ओलेइक आम्लासारखी उरलेली त्वचेवर सोडते. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोंडा होणाऱ्यांच्या टाळूवर नुसते ओलेइक आम्ल लावले तरी पापुद्रे सुटले. ज्यांना कोंडा होत नसे त्यांना काही झाले नाही. चोर गावात सर्वत्र असतो, पण काही घरांचे दारच कच्चे असते. तेल, यीस्ट आणि त्वचेची संवेदनशीलता ही तिन्ही एकत्र आली की विकार प्रकटतो. ताण, अपुरी झोप आणि थंड कोरडी हवा त्याला चेतवतात. कोंड्याला कोरडेपणा समजून रोज डोके तेलाने माखणे म्हणूनच फसते. प्रयोगशाळेत हे यीस्ट वाढवताना माध्यमावर ऑलिव्ह तेल ओततात!

आहाराबद्दल आज काय म्हणता येते? नेदरलँड्समधील रॉटरडॅम अभ्यासात ४,३७९ जणांची तपासणी झाली. सुमारे १४ टक्क्यांना हा विकार होता. भरपूर फळे खाणाऱ्यांमध्ये त्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळली. मांस, बटाटे आणि मद्य यांवर भर असलेला पाश्चात्त्य धर्तीचा आहार घेणाऱ्या स्त्रियांमध्ये ती ४७ टक्क्यांनी जास्त होती. पुरुषांत तसा संबंध दिसला नाही. पण हे लोक मध्यमवयीन आणि वृद्ध होते, आणि पाहणी एकाच वेळची होती. तिच्यातून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

म्हणून माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान वाचकांना इतकेच सांगेन. फळे, भाज्या, डाळी, शिजवलेली अंडी, दही हे सारे खा. ते शरीरासाठी चांगले आहेच. तळलेले आणि गोड कमी केल्याने नुकसान नाही, पण त्यानेच त्वचा बरी होईल अशी आशा धरू नका. एखादा पदार्थ खाल्ल्यावर दरवेळी त्रास वाढतो असे वाटले, तर एका वेळी तो एकच बदलून काही आठवडे नोंद ठेवा. बायोटिनच्या मोठ्या मात्रा मनाने घेऊ नका. त्यांनी थायरॉइडच्या आणि हृदयविकाराच्या झटक्यासाठी होणाऱ्या ट्रोपोनिनच्या चाचण्या चुकू शकतात; अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये तसा इशारा दिला आहे. स्टिरॉइडचे मलम दुकानातून स्वतःहून आणून चेहऱ्यावर लावत राहू नका.

मला शेवटी केटोकोनाझोलच्या शांपूने आणि नियमित झोपेने आराम पडला. शांपू पाच मिनिटे डोक्यावर ठेवून मग धुवायचा, हे त्वचारोगतज्ज्ञाने सांगितले तेव्हा कळले. विकार मुळातून गेलेला नाही. प्रबंधासारखाच तो अधूनमधून डोके वर काढतो आणि मग पुन्हा उपचार करावे लागतात. पण दूध, पोळी आणि आंबा परत आले. त्या आठ महिन्यांत मी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत प्रत्येक मापनाची त्रुटी काढत होतो आणि खोलीवर येऊन कोणाच्याही सांगण्यावरून ताटातला एकेक पदार्थ वगळत होतो. भिंतीपलीकडच्याच परिसरात कमलाबाईंनी डाळींतली प्रथिने मोजली होती. मोजून पाहण्याची ती सवय ताटापर्यंत यायला मला फार उशीर लागला.