ओव्याचें फूल आणि ज्वारीवरील बुरशी

पावसाळ्यांत चार दिवस झड लागली कीं घरोघरीं बुरशी डोकावूं लागते. वहाणा पांढुरक्या दिसतात, लोणच्याच्या बरणीवर साय धरते आणि कोठींतल्या धान्याला कुबट वास सुटतो. या शत्रूशीं माणसाचें भांडण फार जुनें आहे, आणि त्या भांडणांत सुवासिक वनस्पतींनीं त्याला पुष्कळ साहाय्य केलें आहे. त्या साहाय्याचा एक अध्याय दख्खनच्या बाजारपेठांतच घडला.

ओवा पाण्याबरोबर उकळून त्याची वाफ थंड केली म्हणजे तेल मिळतें, आणि तें तेल गार जागीं ठेवलें कीं त्यांत स्वच्छ खडे जमतात. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पुण्यांतील व दख्खनमधील इतर गांवांतील दुकानांतून हे खडे ‘ओव्याचें फूल’ म्हणून विकले जात. तिकडे युरोपांत कास्पार नॉयमान या जर्मन रसायनज्ञानें थाइम नांवाच्या वनस्पतीच्या तेलांतून १७१९ सालींच तसे खडे काढले होते, आणि १८५३ सालीं लालमां या फ्रेंच शास्त्रज्ञानें त्यांना ‘थायमॉल’ हें नांव दिलें. पुढें स्टेनहाउस यांनीं १८५५ सालीं व हेन्स यांनीं १८५६ सालीं सिद्ध केलें कीं, ओव्याचें फूल व थायमॉल हे पदार्थ एकच आहेत. आजीबाईच्या बटव्यांतील वस्तूला अशा रीतीनें रसायनशास्त्राची साक्ष मिळाली.

परंतु साक्ष मिळाली म्हणून लाभ मिळालाच असें नाहीं. १९१४ पूर्वीं हिंदुस्थानचा ओवा जहाजांतून जर्मनीस जाई आणि थायमॉल तेथें तयार होई. महायुद्ध सुरू होतांच तो मार्ग बंद पडला व औषधाचा तुटवडा भासूं लागला. बीं आपलें आणि कारखाना परक्याचा, या व्यवहारांतला धोका तेव्हां उघड झाला.

हा पदार्थ बुरशीला मारतो कसा? लिस्टर यांनीं १८६७ च्या सुमारास शस्त्रक्रियेंत रूढ केलेल्या कार्बोलिक आम्लाचा थायमॉल हा जवळचा नातलग आहे. बुरशीच्या प्रत्येक पेशीभोंवतीं एक अत्यंत पातळ स्निग्ध पडदा असतो. माणसाच्या पेशींच्या पडद्यांत कोलेस्टेरॉल असतें, तर बुरशीच्या पडद्यांत त्याच्या जागीं एर्गोस्टेरॉल असतें. थायमॉल पाण्यांत फारसा विरघळत नाहीं, पण स्निग्ध पदार्थांत सहज शिरतो. तो या पडद्यांत घुसला कीं त्याची वीण सैल होते, आंतील क्षार व इतर द्रव्यें बाहेर झिरपतात आणि पेशी मरते. एर्गोस्टेरॉल तयार होण्याच्या क्रियेंतही तो अडथळा आणतो. लवंगेंतील युजेनॉल व रोशा गवताच्या तेलांतील जिरॅनिऑल यांचें कार्यही बरेंचसें याच धर्तीचें आहे.

सोलापूर जिल्ह्याला हा विषय परका नाहीं, कारण तेथील भाकरी ज्वारीची. तेथील शाळू थंडीच्या कोरड्या हवेंत पिकतो, म्हणून त्याचें दाणे बहुधा निर्मळ राहतात. खरिपाच्या ज्वारीचें तसें नाहीं. कणीस भरतांना पाऊस आला कीं दाणा काळा पडतो. १९९५ सालीं दख्खनच्या पठारावरील कांहीं खेड्यांत अशी भिजलेली ज्वारी व मका खाऊन लोकांना पोटदुखी व जुलाब सुरू झाले. त्या धान्यांत फ्युसेरियम जातीच्या बुरशीचें फ्युमोनिसिन नांवाचें विष सांपडलें. ज्यांच्या घरीं दुसरें धान्य नव्हतें, त्यांनीं काळी ज्वारी टाकून खावें तरी काय?

येथेंच एक गैरसमज दूर केला पाहिजे. ओव्याचा अर्क बुरशीला मारील, पण तिनें आधींच दाण्यांत सोडलेलें विष तो नाहींसें करील असें समजूं नये. शिवाय हीं तेलें उडून जाणारीं आहेत. प्रयोगशाळेंतल्या बंद काचपात्रांत जें साधतें तें पोत्यांच्या थप्पींत साधेलच असें नाहीं, आणि मात्रा वाढविली तर धान्यालाच उग्र वास लागतो.

म्हणून ओव्याच्या फुलाचा मान राखावा, पण त्याच्यावर कोठीची सारी भिस्त ठेवूं नये. दाणा चांगला वाळवून कोरड्या जागीं ठेवणें हा पहिला उपाय. सुगंधी तेलें त्याला हातभार लावतील, त्याची जागा घेणार नाहींत.