खेळाच्या नकाशावर गाव कुठे? पोकेस्टॉपचे वाटप आणि न्याय

'पोकेमॉन गो'सारखे खेळ मोबाइलच्या जीपीएसवर चालतात. खेळाडू रस्त्याने चालू लागला की खेळाच्या नकाशावरही पुढे सरकतो. देऊळ, पुतळा, उद्यान अशा खऱ्या जागा या नकाशावर 'पोकेस्टॉप' किंवा 'जिम' बनतात. पोकेस्टॉपवर पोकेमॉन पकडण्याचे चेंडू फुकट मिळतात, जिममध्ये लढती होतात. जवळ पोकेस्टॉप नसेल तर चेंडू संपल्यावर लांब जावे लागते किंवा पैसे मोजावे लागतात. त्यामुळे या जागांच्या वाटपात न्यायाचा प्रश्न येतो.

जागा कोण ठरवते?

नायँटिक कंपनीने २०१२ मध्ये 'इन्ग्रेस' हा खेळ आणला. त्याच्या खेळाडूंनी सुचवलेल्या जागा २०१६ च्या 'पोकेमॉन गो'मध्ये वापरल्या गेल्या. साहजिकच जिथे आधीपासून खेळाडू होते, तिथला नकाशा भरलेला होता. डिसेंबर २०१६ मध्ये खेळ भारतात अधिकृतपणे आला, तेव्हा रिलायन्सची हजारो दुकाने पोकेस्टॉप किंवा जिम झाली. म्हणजे दुकान असलेल्या गावाचा आणखी फायदा झाला.

२०१९ पासून 'वेफेअरर' या व्यवस्थेत खेळाडू जागा सुचवतात आणि इतर खेळाडू फोटो व वर्णन पाहून मत देतात. जागा पाहण्यासारखी, व्यायामाची किंवा लोक जमण्याची असावी लागते. खासगी घर आणि शाळा चालत नाही.

वणी परिसरात हे नियम लावले तर?

सप्तशृंगगड कळवण तालुक्यात आहे, पण देवी ओळखली जाते ती दिंडोरी तालुक्यातल्या वणीच्या नावाने. साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानल्या जाणाऱ्या या गडावर चैत्रात आणि नवरात्रात मोठी गर्दी होते. अशा जागेची ओळख परक्या परीक्षकालाही चटकन पटते. वणी गावातले जगदंबेचे मंदिरही नियमात बसते.

अडचण मळ्यांतल्या वस्त्यांची आहे. तिथली घरे खासगी, आणि शाळा नियमानेच बाद. उरतो बांधावरचा शेंदूर लावलेला म्हसोबा. वस्तीसाठी ते देवस्थान असते. दूरच्या परीक्षकाला फोटोत नुसता दगड दिसू शकतो. शिवाय पोकेस्टॉप नाहीत म्हणून खेळाडू नाहीत आणि खेळाडू नाहीत म्हणून जागा सुचवणारे नाहीत, असे हे चक्र आहे.

उलटी तक्रार

काही ठिकाणी पोकेस्टॉप नको असतात. अमेरिकेत घरांभोवती खेळाडू जमू लागल्याने रहिवासी न्यायालयात गेले. २०१९ च्या तडजोडीनुसार स्वतंत्र घरापासून ४० मीटरच्या आतली जागा मालकाच्या तक्रारीवरून काढायची आणि बहुतेक तक्रारींचा निपटारा १५ दिवसांत करायचा, असे ठरले. भारतात २०१६ मध्ये गुजरात उच्च न्यायालयात याचिका झाली. प्रार्थनास्थळांत खेळातली अंडी दिसतात, हा त्यातला एक आक्षेप होता.

मग न्याय्य काय?

दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे: जागा ठरवताना तिथे राहणाऱ्यांना विचारले जात नाही. सगळीकडे सारखी संख्या देणे हा त्यावर उपाय नव्हे. वस्तीतल्या माणसाला जागा सुचवता यावी आणि नको असलेली काढायलाही लावता यावी. तोवर छोट्या देवस्थानाचे नाव, तिथली जत्रा आणि जमणारे लोक वर्णनात नीट लिहिले, तर परक्या परीक्षकाला दगडामागचा देव समजण्याची शक्यता वाढते.